झाडलेली जागा आणि खताची पाटी

शास्त्रपाठ : मत्तय १२ : ४३–४५, लूक १३ : ६–९



पावसाळा तोंडावर आला म्हणजे खेड्यांतील मंडळ्यांतून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो. मंदिराच्या आवारात किंवा घरापुढे जी थोडीशी हिरवळ राखिली आहे तीत तण माजते. दरवर्षी ते उपटावे आणि दरवर्षी ते पुन्हा यावे. ह्यास उपाय काय? हा प्रश्न माळ्यास विचारावा, पाळकास नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या प्रभूने गहू, निदण, अंजीर व मोहरी ह्यांवरून बोलण्यास कधी संकोच केला नाही, म्हणून आम्हीही करीत नाही.

आपल्याकडे हिरवळ म्हणजे बहुतेक ठिकाणी हराळीच होय. शेजारचे हिंदू बंधू तिलाच दूर्वा म्हणून पूजेस नेतात. हीच हराळी ज्वारीच्या शेतात शिरली म्हणजे कुणबी तिला शिव्या देतो, कारण तिची मुळे व कांडी जमिनीत खोल जातात आणि तुटलेल्या प्रत्येक कांडातून नवे रोप उठते. शेतात जी वैरीण तीच अंगणात धूळ धरून ठेवते, पावसाने माती वाहू देत नाही आणि मुलांना बसावयास गादी देते. जिभेची तिखट बाई किंवा हुकूम करण्याची आवड असलेला गृहस्थ मंडळीत असला तर वडीलजनांनी त्यास उपटण्यापूर्वी त्याचे स्थान कोणते ह्याचा विचार करावा, एवढेच ह्यावरून जाता जाता सुचवितो.

आता तणाकडे वळू. हिरवळीत आंबुशी, दुधाणी, एकदांडी, घोळ, लव्हाळा व गाजर गवत ही नेहमीची मंडळी. ह्यांतील पुष्कळांचे बी बारीक असते, ते मातीत वर्षानुवर्षे निजून राहते, आणि उजेड लागला म्हणजे जागे होते. जेथे हराळी दाट आहे तेथे जमिनीवर उजेड पोहोचत नाही व बी निजलेलेच राहते. जेथे हराळी उपाशी, तुडविलेली किंवा अगदी मातीपर्यंत कापलेली आहे तेथे उजेड पोहोचतो. म्हणून तण हे बहुधा हिरवळ मरण्याचे कारण नसून ती आधीच अशक्त झाल्याची खूण असते. आणि खुरपीने आपण तण काढितो तेव्हा काय होते? जागा मोकळी होते, खालची माती वर येते, तिच्याबरोबर पुरलेले बीही वर येते. महिन्याने पाहावे तो पूर्वी एक होते तेथे सात उभे!

सात हा आकडा आम्ही सहज घातलेला नाही. अशुद्ध आत्मा मनुष्यातून निघून जातो, परत येतो, आणि घर रिकामे, झाडलेले व सुशोभित केलेले पाहून आपणाहून दुष्ट असे सात सोबती आणितो, ही गोष्ट प्रभूने सांगितली आहे. त्या घराचा दोष कोणता होता? ते घाणेरडे नव्हते, झाडलेले होते. ते रिकामे होते, हाच त्याचा दोष.

आमच्या पाहण्यातील एका मंडळीत एका तरुण मनुष्याने दारू सोडिली. सर्वांसमक्ष शपथ झाली, वडिलांनी त्याचा हात हाती घेतला, स्त्रियांनी डोळे पुसले. नंतर रोज संध्याकाळी सहा वाजत, व ज्या वेळी तो पूर्वी गुत्त्यावर जाई ती वेळ त्याच्यापुढे मोकळ्या वाफ्यासारखी पडे. त्या वेळी त्याच्या घरी कोणी गेले नाही. त्याला भजनात टाळ धरावयास कोणी बोलाविले नाही. मुलांस अक्षरे शिकविण्याचे काम त्याला येत होते, ते त्याला कोणी दिले नाही. वर्ष उलटण्यापूर्वी तो पुन्हा प्याला, आणि ह्या वेळी बायकोचे मंगळसूत्रही गेले. तेव्हा मंडळीची सभा भरून त्याचे नाव पटावरून काढण्याचा ठराव फार थोड्या वेळात झाला. उपटण्यास आपणांस वेळ लागत नाही. खत घालण्यास मात्र सवड होत नाही.

येथे कोणी शास्त्राचा अभ्यासू आम्हांस अडवील की, निदण उपटू नका, कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या, असे धन्याने दासांस सांगितले नव्हते काय? होय, सांगितले. तेथील निदण ओंबी येईपर्यंत गव्हासारखेच दिसते व त्याची मुळे गव्हाच्या मुळांत गुंतलेली असतात. म्हणून उतावळ्या हाताने गहूही उपटला जाईल ही भीती खरी होती. परंतु शेत म्हणजे जग, असा त्या दृष्टांताचा अर्थ प्रभूने स्वतः सांगितला आहे (मत्तय १३ : ३८). जगातील लोकांचा निवाडा आमच्या हाती नाही. आपल्या अंतःकरणाचे अंगण मात्र आपल्याच हाती आहे, व तेथील द्वेष आणि लोभ ह्यांस कापणीपर्यंत वाढू द्यावे असे त्या वचनावरून काढणे म्हणजे आळसास शास्त्राचा अंगरखा घालणे होय.

म्हणून उपटावे, पण कसे व केव्हा हे समजून उपटावे. गाजर गवताचे उदाहरण घ्या. मूळचे ते अमेरिका खंडातील. आपल्या देशात पुण्यास त्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली, आणि आज ते नाही असा रस्ता दाखविणे कठीण. एक झाड हजारो बिया टाकिते. ते फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असता, मुळासकट उपटावे. फुलल्यावर उपटून झटकणे म्हणजे पेरणीच. हातास फडके गुंडाळावे, कारण त्याच्या स्पर्शाने पुष्कळांच्या कातडीस खाज व फोड येतात, आणि परागाने दम्याचा त्रास होतो. लहान मुलांस ह्या कामास लावू नये. रस्त्याकडेच्या पडीक जागेत ते उपटल्यावर टाकळ्याचे बी फेकावे. टाकळा दाट वाढून गाजर गवतास दाबून टाकितो. पुन्हा तीच गोष्ट : काढिले तेथे काही लावा.

लव्हाळ्याची रीत निराळी. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरचे पान ओढले की पान हाती येते व गाठ हसत राहते. खुरपीने माळ तुटली तर निजलेल्या गाठीही फुटतात. ओल्या जमिनीत खोल खणून माळ अखंड काढावी, आणि जे राहिले ते पुन्हा वर येताच पुन्हा काढावे, म्हणजे गाठीतील साठा संपत जातो. त्यास सावली सोसत नाही, हे त्याचे मर्म. कित्येक जुनी पापे ह्या जातीची आहेत. एका उपासाच्या आठवड्यात ती जातील असे उपदेशकांनी कोणास सांगू नये.

औषध फवारण्याविषयीही विचारितात. रुंद पानांचे तण मारून गवत राखणारे टू-फोर-डी म्हणून एक औषध आहे. परंतु त्याचा वाऱ्यावर गेलेला तुषार कापूस व द्राक्षे ह्यांस फार बाधतो. आपल्या अंगणाच्या शोभेसाठी शेजाऱ्याचे पीक जाळणे हे शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेत बसत नाही. घरापुढील चार हात जागेस खुरपी पुरे आहे, असे आमचे मत.

आता खत. अंजिराचे झाड तीन वर्षे फळावाचून उभे होते. धनी म्हणाला तोडा, माळी म्हणाला आणखी एक वर्ष द्या, मी सभोवती खणीन व खत घालीन. त्याने धन्याशी वाद घातला नाही, झाड निर्दोष आहे असेही म्हटले नाही. कुदळ व पाटी स्वतः उचलण्याचे पत्करिले.

हिरवळीस पावसाच्या आरंभी चांगले कुजलेले शेणखत चाळून पाव इंच जाडीचा थर द्यावा. ताजे शेण घालू नये. जनावराच्या पोटातून तणाचे बी जिवंत बाहेर येते, व आपणच हाताने निदण पेरितो. ढीग आतून तापला पाहिजे आणि वरखाली झाला पाहिजे, म्हणजे बहुतेक बी मरते. उपदेशकांनो, आठवड्यात ऐकलेली गावगप्पा रविवारी तशीच व्यासपीठावरून वाढणे हे ताजे शेण आहे, हे ध्यानात असू द्या.

युरिया घालावयाचा तर एका गुंठ्यास एका वेळी एक किलोहून अधिक नको. तो कोरड्या मातीत मिसळून, पाने सुकी असता सारखा पसरावा व लगेच पाणी द्यावे. एके ठिकाणी मूठ पडली तर तेथील गवत जळते. पावसाळ्यात महिन्याच्या अंतराने दोन वेळा पुरे. मुसळधार पाऊस दिसत असता घालू नये, कारण खत ओढ्यास जाईल. थंडीत हराळी मंदावते. तेव्हा घातलेले खत तिच्याऐवजी तणाच्या मुखी पडते. कापताना दीड-दोन इंच उंची राखावी, एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये, आणि बारीक कातरण तेथेच राहू द्यावे. तेही खतच आहे.

उन्हाळ्यात ज्या गावी टँकरने पाणी येते तेथे हिरवळीस एक तांब्याही घालू नये. हराळी वरून पिवळी पडते, जमिनीखाली जिवंत राहते, व पहिल्या पावसाने उठते. बंगल्यांची बरोबरी करण्यासाठी मंदिराचे अंगण वैशाखात हिरवे ठेवणे आम्हांस पसंत नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. ज्याच्या घरी गुरे आहेत त्याने कुजके खत आणावे. ज्याच्या घरी नाहीत त्याने चाळणी धरावी. आणि ज्याचे नाव गेल्या वर्षी पटावरून काढिले, त्याच्या घरी ह्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास कोणी तरी जाऊन, खत पसरण्यास एक माणूस कमी आहे, येतोस काय, असे त्यास विचारावे.