पुसल्याची वसुली

'रिकव्हरी' हा शब्द आमच्या बँकेत कोणी चांगल्या अर्थाने उच्चारत नाही. वसुलीला निघालेला माणूस गावात शिरला की कुत्रीसुद्धा कर्जदाराच्या बाजूने भुंकतात. कर्जदार घरी नसतो, 'आत्ताच शेतावर गेले' असे आतून उत्तर येते, आणि त्याच वेळी माळ्यावर कोणीतरी शिंकते. अलीकडे मात्र हा शब्द भलताच प्रतिष्ठित झाला आहे. काँप्युटरमधून पुसले गेलेले फोटो, पत्रे, हिशेब परत काढून देणे यालाही रिकव्हरीच म्हणतात, आणि ती करणाऱ्याला लोक बसवून चहा पाजतात! आम्ही लोकांना नको ते आठवून देतो आणि तो हवे ते, एवढाच काय तो फरक, असे मी समजत होतो. पण हे दोन धंदे चुलत नव्हे, सख्खे भाऊ आहेत हे मला आमच्या सावेडीतल्या शेजारच्या मास्तरांमुळे कळले.

मास्तर निवृत्त आहेत. घरचे सगळे जुने फोटो त्यांनी बाहेरून जोडायच्या एका हार्ड डिस्कवर भरून ठेवले होते. 'आपल्याकडे बॅकअप आहे' असे ते विमा उतरवल्याच्या समाधानाने सांगत. मूळ काँप्युटर भंगारात गेला होता, अल्बम वाळवीने खाल्ले होते. म्हणजे बॅकअप उरला होता, पण कशाचा, ते उरले नव्हते. मूळ किल्ली हरवली की डुप्लिकेट किल्ली ही डुप्लिकेट राहत नाही, हे लॉकरच्या खिडकीवर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. एके दिवशी नातवाला सिनेमे भरायला जागा हवी झाली. त्याने शिफ्टचे बटण दाबून फोल्डर पुसला, त्यामुळे तो कचरापेटीतही थांबला नाही. 'नक्की पुसायचे ना?' असे यंत्राने विचारले होते म्हणे. त्या वयात माणूस सगळ्याच प्रश्नांना 'हो' म्हणतो.

दुरुस्तीवाल्या पोराने पहिले काय सांगितले, तर "आता हिला हात लावू नका. नवीन काही भरू नका." सिनेमे अजून भरायचे होते, हे नशीब. त्याने समजावले ते असे : आपण पुसतो तेव्हा फोटो जात नाही, त्याचा पत्ता जातो. आमच्या भाषेत, लेजरची इंडेक्स फाडली, लेजर कपाटात तसेच. ती जागा आता रिकामी समजली जाते आणि तिथे दुसरे काही लिहिले गेले की मग खरोखर गेले. म्हणून सापडलेला मालही दुसऱ्याच डिस्कवर उतरवायचा. (एसएसडी नावाच्या नव्या डिस्कांत मात्र पुसलेली जागा बऱ्याचदा आपोआप झाडून निघते. तिथले कर्ज बहुधा बुडीत धरावे.)

दोन दिवसांनी फोटो आले. नावे गेली होती, नुसते नंबर होते. मास्तरांचे वडील होते, आई होती, आणि त्यांच्या मागोमाग न बोलावता आलेले काही फोटो होते. धाकट्या भावाच्या लग्नातले. आठ वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्यावरून वाद झाला, बोलणे बंद झाले आणि त्या रात्री मास्तरांनी हे फोटो स्वतः पुसले होते. नातवाने चुकून पुसलेले आणि आजोबांनी रागाने पुसलेले, दोन्ही एकाच रांगेत उभे. यंत्राला काय त्याचे!

"बँकवाले, हे मी मुद्दाम पुसलं होतं हो," मास्तर म्हणाले. "आता पुन्हा पुसू?"

मी बी.कॉम. माणूस. आमच्या शास्त्रात खोडरबर नाही. चुकीची नोंद पडली तर ती तशीच ठेवून खाली उलट नोंद करतात. चूकही वाचता आली पाहिजे आणि दुरुस्तीही. कर्ज 'राइट ऑफ' केले म्हणजे माफ केले असे लोकांना वाटते. तसे नसते. ते आमच्या ताळेबंदातून जाते, कर्जदाराच्या डोक्यावरून नाही. मास्तरांनी भाऊ राइट ऑफ केला होता.

आणि हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. लीळाचरित्र रचणारे म्हाइंभट हे इथल्याच सराळ्याचे. तेराव्या शतकात त्यांनी ज्याला ज्याला चक्रधरस्वामींच्या जे आठवत होते ते विचारून विचारून लिहून काढले. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होते त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यात हिराइसा नावाच्या बाईंच्या स्मरणशक्तीचा मोठा वाटा. आठवणी जुळेनात तिथे त्यांनी एकाची ठेवून दुसऱ्याची पुसली नाही. वेगळी आठवणही नोंदवून ठेवली. तिला 'वासना' असा शब्द आहे. इतकी प्रामाणिक वसुली आमच्या खात्यातही क्वचितच होते. दोन आठवणींचे भांडण आहे म्हणून एकीला घराबाहेर काढायचे कारण नाही, हे त्या लोकांना कळत होते.

तुम्ही म्हणाल, माणसाला विसरायचा हक्क नाही का? आहे. आपले स्वतःचे माणसाने खुशाल विसरावे. पण दोघांचा फोटो म्हणजे जॉइंट खाते. आठ वर्षांपूर्वी मास्तरांनी ते एकट्याच्या सहीने बंद केले होते, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

"तुमच्यात 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असतं ना? दोघांतला कोणीही एक, नाहीतर मागे राहील तो?" मास्तरांनी विचारले.

"असतं," मी म्हटले.

"मग मागे कोण राहतंय हे ठरेस्तोवर थांबायचं म्हणता?"

मला उत्तर सुचले नाही. काउंटरवर असतो तर 'उद्या या' म्हणालो असतो.

गेल्या आठवड्यात त्यांनी नातवाला आणखी एक डिस्क आणायला लावली आणि सगळे फोटो, लग्नातलेसुद्धा, तिच्यावर उतरवून घेतले. ती कुणासाठी, ते बोलले नाहीत. श्रीरामपूरची एस.टी. सकाळी कितीला असते, एवढे मात्र मला विचारून गेले.