मायना आणि मान

पत्रलेखन हा आपल्या भाषाशिक्षणातील सर्वांत दुर्लक्षित आणि कदाचित त्यामुळेच सर्वांत अधिक घोकला जाणारा भाग होय. वरच्या कोपऱ्यात दिनांक, त्याखाली 'प्रति', मग 'विषय', मग 'महोदय', आणि अखेरीस 'आपला विश्वासू' असा सांगाडा पाठ करून विद्यार्थी चार-पाच गुण पदरात पाडून घेतो आणि परीक्षा संपताच तो विसरतो. पुढे नोकरीसाठी ई-मेल लिहिण्याची वेळ आली म्हणजे तो एक तर मित्रास लिहावे तसे लिहितो, नाही तर कोणाचा तरी जुना अर्ज शोधून त्यातील नाव तेवढे बदलतो.

परंतु या सांगाड्यात नीतिशास्त्राचा एक प्रश्न दडलेला आहे आणि वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी तो विचारल्यावाचून राहत नाही. ज्या गृहस्थाचे तोंडही आपण पाहिलेले नाही, त्यास 'आपला विश्वासू' म्हणून लिहिणे हे असत्य नव्हे काय? आणि मागावयाचा आहे तो हक्क, तर मग 'नम्र विनंती' कशासाठी? 'रूढी आहे' एवढ्या उत्तराने हा प्रश्न मिटत नाही. रूढी असत्य शिकवीत असेल तर ती शिकविणाऱ्यावरही त्याचा दोष येतो.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मायन्याचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. मराठीत पत्राचे शास्त्र जुने आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर सांगितले जाणारे 'मेस्तक' हे कोणास कसे लिहावे याचेच मार्गदर्शन करते. शिवकालात सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. (तरीही 'अर्ज' आणि 'तहसील' हे शब्द आपल्या जागेवरून हलले नाहीत, कचेरीची भाषा कोशाला सहसा दाद देत नाही.) या परंपरेत आज आपण ज्याला अनौपचारिक पत्र म्हणतो तो प्रकार जवळजवळ नव्हताच. मुलगा बापास लिही तेव्हा 'तीर्थरूप'पासून 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'पर्यंतच्या पायऱ्या चढूनच त्यास मजकुरापर्यंत पोहोचता येई. विधवेच्या नावामागे 'गंगाभागीरथी' लागे, आणि तिचे वैधव्य पाकिटावरच जाहीर होई. २०२३ साली सरकारी व्यवहारात 'विधवा' या शब्दाऐवजी हेच संबोधन योजण्याची सूचना पुढे आली तेव्हा तिला विरोध झाला, तो योग्यच होता.

मायना म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हता. ती प्रतिष्ठेची मोजणी होती. कोणी कोणास 'नमस्कार' म्हणावयाचे, कोणी 'दंडवत', कोणी 'रामराम' आणि कोणी 'जोहार', हे जन्माने ठरे. १७७९ साली मुंबईच्या इंग्रज सरकारने सोनारांनी 'नमस्कार' हा शब्द अभिवादनासाठी वापरू नये असा हुकूम काढला. त्यामागे पुणे दरबाराचा आग्रह होता. एका शब्दासाठी दोन सरकारे खपली! त्या शब्दाच्या मागे मनुष्याचा मान उभा होता, एवढाच याचा अर्थ.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे ज्या रुक्ष 'महोदया'चा विद्यार्थ्यांस कंटाळा येतो त्याची थोरवी कळते. 'महोदय' हा शब्द लिहिणाऱ्याची जात विचारीत नाही, त्याचे वय विचारीत नाही, त्याचे घराणे विचारीत नाही. ज्याची कोणाशी ओळख नाही, ज्याला वशिला नाही, त्यालाही सरकारदारी उभे राहण्यास या साच्याने एक जागा करून दिली आहे. जिव्हाळ्याच्या पत्रास जिव्हाळा लागतो. कामाच्या पत्रास तो लागत नाही, आणि परक्या माणसाचा खरा आधार तोच आहे.

आता 'विश्वासू'कडे वळू. विश्वासू म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबता येईल असा. हा शब्द प्रेमाची ग्वाही देत नाही, की ताबेदारीचीही देत नाही. 'वर जे लिहिले आहे ते माझे आहे, ते खरे आहे, आणि त्याबद्दल मला विचारावे' एवढेच तो सांगतो. या अर्थाने पाहिल्यास ते असत्य नाही. उलट संपूर्ण पत्रातील ते सर्वांत गंभीर वचन आहे. 'आपला आज्ञाधारक' मात्र मी विद्यार्थ्यांच्या वहीत आढळताच खोडतो. नागरिक हा अधिकाऱ्याच्या आज्ञेत नसतो. 'नम्र' या विशेषणाबद्दल माझा आग्रह नाही. नम्रतेने हक्काचे काही कमी होत नाही, फक्त तिच्यापायी मागणी अस्पष्ट होता कामा नये.

परंतु हे वचन खरे ठरण्यास एक अट आहे आणि ती आपण शहरवासी सहसा विसरतो. ज्याने सही केली त्याला मजकूर कळलेला असला पाहिजे. ही अट किती बिकट आहे हे पाहावयाचे असेल तर दृष्टी पुण्या-मुंबईवरून काढून राज्याच्या पूर्व टोकास एटापल्लीकडे न्यावी लागेल. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यातील हा अरण्यमय तालुका. येथील माडिया गोंडांच्या घरात जी भाषा बोलली जाते ती द्राविडी कुळातील आहे. मराठीशी तिचे शेजार आहे, नाते नाही. येथील मूल शाळेत मराठी शिकते म्हणजे एक परकी भाषाच शिकते. आणि ती शिकून तहसील कचेरीत गेले म्हणजे 'उपरोक्त विषयान्वये' आणि 'संदर्भाधीन पत्राच्या अनुषंगाने' ही तिसरीच भाषा त्याच्या पुढ्यात येते. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा केली. पण कचेऱ्यांनी त्या मराठीस असा पोशाख चढविला आहे की नागपूरच्या पदवीधरासही ती चटकन ओळखू येऊ नये. मग माडिया मुलाने काय करावे?

आणि त्याच्या पत्रावर अवलंबून काय असते? वनहक्क मान्यतेचा २००६ चा कायदा पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्यांचे जमिनीवरील व वनावरील हक्क मान्य करतो. दावा ग्रामसभेपुढे विहित नमुन्यात करावयाचा. पुराव्यांत गावातील वडीलधाऱ्यांचे निवेदनही चालते, परंतु ते लेखी नोंदविलेले असले पाहिजे. ग्रामसभेचा ठराव विरुद्ध गेल्यास उपविभागीय समितीकडे ६० दिवसांच्या आत अर्ज करावयाचा. ज्या म्हाताऱ्याला डोंगरामागचे प्रत्येक तळे नावाने ठाऊक आहे, त्याचे ज्ञान कायद्याच्या दारात शिरते ते दुसऱ्याच्या हस्ताक्षरात. त्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळविला, त्यामागे गावाने वर्षानुवर्षे एकत्र बसून केलेला अभ्यास होता. ज्या गावात तसा अभ्यास घडलेला नाही तेथे नमुना भरणारा कोणी तरी वेगळा असतो आणि अंगठा उठविणारा वेगळा.

लिहून देणाऱ्याची मी निंदा करीत नाही. निरक्षराचे पत्र लिहून देणे हे आपल्याकडे पुण्यकर्मच मानले गेले आहे, आणि पोस्टाच्या ओट्यावर बसणाऱ्या लेखकांनी कित्येक घरे जोडून ठेविली. पण घरच्या पत्रात चूक झाली तर आई ती समजून घेते. दाव्यातील चूक समजून घेणारे कोणी नसते. म्हणून लिहून देणाऱ्याने एक नियम पाळलाच पाहिजे: जे लिहिले ते सही करणाऱ्यास वाचून दाखवावयाचे. पोलिसांत तोंडी दिलेली खबर लिहून घेऊन ती देणाऱ्यास वाचून दाखविली पाहिजे, असे फौजदारी प्रक्रियेच्या १९७३ च्या संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही आहे. परंतु वाचून दाखविणे ते कोणत्या भाषेत? माडिया माणसास कचेरीची मराठी मोठ्याने ऐकविली म्हणजे शब्द त्याच्या कानी पडतात, अर्थ पडत नाही. असा मनुष्य खाली 'आपला विश्वासू' म्हणून अंगठा करतो तेव्हा ते वचन खोटे ठरते. मात्र खोटे बोलणारा तो नसतो.

मग शिकावयाचे कोणी? माझे मत असे की, पहिले कर्तव्य कचेरीचे. ती वेतन घेते, अर्जदार घेत नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने ही गोष्ट एका ठिकाणी चांगली ओळखली आहे: ज्यास लेखी अर्ज करता येत नाही त्याची तोंडी विनंती लेखी करण्यास माहिती अधिकाऱ्यानेच साहाय्य करावयाचे, आणि माहिती कशासाठी हवी हे विचारावयाचे नाही. अर्जाचा साचा ही अर्जदाराची परीक्षा नव्हे, हे तत्त्व येथे मान्य झाले. ते इतर कचेऱ्यांच्या भिंतींपर्यंत पोहोचावयाचे आहे. हल्ली पुष्कळसे अर्ज संगणकावर भरले जातात. तेथे मायना उरलाच नाही, केवळ चौकटी उरल्या. मायन्याबरोबर त्यातला अपमानही गेला, हे चांगलेच झाले. पण जी गोष्ट चौकटीत बसत नाही ती सांगावयाची कोठे, याचे उत्तर त्या यंत्राजवळ नाही. साध्या कागदावर लिहिलेल्या अर्जास निदान समासाची जागा तरी असे.

तथापि कचेरी सुधारेपर्यंत एटापल्लीच्या मुलाने थांबावे असे मी म्हणणार नाही. त्यास पत्र लिहिण्यास अवश्य शिकवावे. फक्त शिकविण्याचा क्रम उलटा करावा. आरंभ मायन्यापासून नको, मागणीपासून व्हावा. मी कोण, काय घडले, केव्हा घडले, मला काय हवे, या चार गोष्टी त्याने प्रथम आपल्या माडियात सांगाव्यात, मग साध्या मराठीत लिहाव्यात. वळणदार वाक्यांची गरज नाही. एका पत्रात एकच विषय असावा. रागाचे पत्र रात्री लिहिले तर ते सकाळी वाचून मगच द्यावे, मग ते कागदावर असो की ई-मेलवर. आणि या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट, जी पाठ्यपुस्तकांत बहुधा नसते: एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि तिच्यावर पोच घ्यावी. दिनांकासह कचेरीचा शिक्का उमटला म्हणजे ६० दिवस मोजता येतात.

पोच ही घेणाऱ्याच्या बाजूची नीती आहे. जुन्या मराठी पत्राचा आरंभ कितीही अलंकारिक असला तरी त्यात 'पत्र पावले, मजकूर समजला' एवढे आल्यावाचून राहत नसे. ज्या अर्जाला उत्तर नाही तो अर्ज कितीही शुद्ध असला तरी अर्धाच असतो, आणि उरलेला अर्धा भाग लिहिण्याचे काम अर्जदाराचे नाही. वनहक्कांचे २०१२ साली सुधारलेले नियमही सांगतात की, दावा फेटाळला किंवा बदलला तर तो निर्णय दावेदारास व्यक्तिशः कळविला पाहिजे.

राहता राहिला मायना. एकेकाळी मराठी मुलखात 'जोहार' हा शब्द अस्पृश्य मानलेल्यांच्या तोंडी घातला गेला होता, आणि तो उच्चारताना मान खाली घालावी लागे. गडचिरोलीच्या वनात तोच शब्द बरोबरीची माणसे एकमेकांस म्हणतात आणि मान ताठ ठेवून म्हणतात. एखाद्या माडिया विद्यार्थ्याने तहसीलदारांस लिहिताना 'महोदय' या शब्दानंतर 'जोहार' लिहिले, तर ती चूक म्हणून मी तरी गुण कापणार नाही. दिनांक घातला आहे की नाही, तेवढे मात्र पाहीन.