धाब्याचा कठडा व आकाशातील शीड

तारीख २ एप्रिल २०२२ रोजी सायंकाळी चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावी आकाशातून धातूचे एक मोठे कडे पडले. ते चीनच्या अग्निबाणाचे असावे, असे जाणत्यांचे मत पडले. देवाच्या दयेने कोणास इजा झाली नाही. नवघर येथे ही गोष्ट निघाली असता मंडळीतील एका बंधूने आम्हांस विचारिले, "ज्याच्या मनात वाईट नव्हते व ज्याच्या हातून कोणी मेलेही नाही, त्याजकडे दोष तो कसला?"

मोशेच्या नियमशास्त्रात (अनुवाद २२:८) नवे घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी पडल्यावर नव्हे, तर घर बांधितानाच. शिवाय कठड्याचा गुण असा की, घरधनी निजला असो वा मेला असो, तो आपले काम करितोच.

आता लहान उपग्रहांचे पाहू. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी आकाशात गेला. त्याचे वजन एक किलोहूनही कमी. अशा उपग्रहांत बहुधा इंजिन नसते. काम संपले तरी ते सेकंदाला सात किलोमीटरांहून अधिक वेगाने फिरत राहतात, आणि दुसऱ्याच्या उपग्रहावर आदळल्यास दोहोंचा चुरा होतो. ह्यास उपाय असा की, आरंभीच आत एक पातळ शीड घडी करून ठेवावे. काम संपल्यावर ते उघडले म्हणजे तेथील अति विरळ हवाही त्यास अडविते. उपग्रह हळूहळू खाली येऊन जळून जातो. २३ जून २०१७ रोजी भारताच्या अग्निबाणाने गेलेला इंग्लंडातील 'इन्फ्लेटसेल' दहा चौरस मीटरांच्या शिडाने ७२ दिवसांत खाली आला. लाडबोरीस पडले तसले जड तुकडे मात्र पुरते जळत नाहीत. मोठ्या अग्निबाणासाठी इंधन राखून त्यास निर्जन समुद्रात उतरविणे हाच त्याचा कठडा होय.

शिडास वजन आहे, खर्च आहे, आणि लाविणाऱ्यास त्यापासून काडीचाही लाभ नाही. लाभ होतो तो मागून येणाऱ्या अनोळख्यास. म्हणूनच येथे शेजारप्रीतीची परीक्षा होते. त्या बंधूस आमचे उत्तर हेच की, दोष कोणी मेल्याने उत्पन्न होत नाही, कठडा न केल्यानेच होतो. कोणी मेले नाही ही देवाची दया. ते आपले पुण्य नव्हे.

प्रिय वाचकहो, आपण उपग्रह सोडीत नाही. परंतु विहीर खणून तिला काठ न बांधणे, कर्ज काढून मुलांस न सांगणे, मंडळीचा पैसा नोंदीवाचून खर्चणे, ही बिनकठड्याचीच घरे होत. ज्या दिवशी काम आरंभावे, त्याच दिवशी त्याच्या शेवटाची तरतूद करावी.