खरा काटा



लेवीयाच्या १९ व्या अध्यायांत परमेश्वरानें आपल्या लोकांस घालून दिलेले दोन नियम आज मनांत धरा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपणाजवळ ठेवूं नये, हा एक. आणि तराजू व मापें खरीं असावीं, हा दुसरा. उपासनेचे नियमहि त्याच अध्यायांत आहेत. यावरून देवाला आपला बाजार व आपली उपासना हीं वेगळीं दिसत नाहींत, हें उघड होय.

आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याकडे पाहा. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील गांजलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें हिसकावून जाळलीं. हिशेबावरचा विश्वास उडाला, तेथें भरभराट कशी होणार? पुढें ह्याच जिल्ह्यांत विठ्ठलराव विखे पाटील यांनीं, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्यानें, शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारिला. १९५० सालीं तो सुरू झाला. साध्या शेतकऱ्यांनीं आपला पैसा भागांत घातला, तो एकमेकांवर भरवसा ठेवून.

त्या भरवशाचा लाभ शेवटच्या मनुष्यापर्यंत पोंहचतो काय? बीडकडून दरसाल पतिपत्नी ऊस तोडावयास येतात. मुकादमापासून घेतलेली उचल त्यांस टनाच्या हिशेबानें श्रम करून फेडावी लागते. काट्यावर वजन कमी धरलें, तर शेतकऱ्याचा ऊस चोरीस जातो आणि तोडणाऱ्याचा घामहि.

ऊस घातल्यापासून १४ दिवसांच्या आंत शेतकऱ्यास त्याचे पैसे द्यावे, उशीर झाल्यास दरसाल शेंकडा १५ व्याज द्यावें, असें १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशांत आहे. पैसे थकले म्हणजे आपण कारखान्याच्या दारीं जातों, आणि तें योग्यच आहे. परंतु आपल्याच शेतांत खुरपणारी बाई मजुरीसाठीं आपल्या दारीं दोनदां येऊन रिकाम्या हातीं परत गेली, तर आपणांस कांहीं वाटतें काय? कायदा कारखान्यास १४ दिवस देतो. शास्त्र आपणांस एक रात्रहि देत नाहीं.

यास्तव, जे संचालक आहेत त्यांनीं शेतकऱ्यास व तोडणाऱ्यास काट्यावरचें वजन स्वतः पाहूं द्यावें. दुकानदारांनीं आपली मापें तपासावीं. बागाइतदारांनीं दिवस मावळण्यापूर्वीं मजुरी हातावर ठेवावी. अडकवून ठेवलेल्या मजुरीची हांक प्रभूच्या कानीं जाते, असें याकोब आपल्या पत्राच्या ५ व्या अध्यायांत बजावितो. आपल्या गांवांतून अशी हांक वर न जावो, यासाठीं प्रभु आपणांस सरळ मन देवो. आमेन.