बाग की पटांगण?

(लालबागमधल्या एका चाळीचा पुनर्विकास ठरतो आहे. इमारतींच्या मधल्या जागेत बिल्डरच्या आराखड्यात ‘जपानी बाग’ आहे. आज तिथे पटांगण आहे. निर्णय रविवारच्या सभेत.)

पुतणी : काका, पुण्याची सिंहगड रस्त्यावरची बाग पाहिली असतीत, तर विरोध केला नसतात. दहा एकर, वाहतं पाणी, छोटे पूल, दर वळणावर नवं दृश्य. आई तिथे कितीतरी वेळ नुसती पाहत बसली. आणि नाव पु. ल. देशपांड्यांचं, आपल्या गावदेवीत जन्मलेल्या माणसाचं.

काका : सुंदर असणारच. पण चालायचं आखलेल्या वाटेवरूनच ना?

पुतणी : म्हणून तर अशा बागा टिकतात. जिच्यावरून ती केली, ती ओकायामाची कोराकुएन बाग १७०० साली पूर्ण झाली. १९३४ला पुराने, १९४५ला बॉम्बने उद्ध्वस्त झाली. जुन्या चित्रांवरून पुन्हा उभी केली. आत भातखाचर आहे, चहाचा मळा आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी जपली, म्हणून आज दिसते.

काका : केली कोणी? इकेदा घराण्यातल्या सरदाराने, पाहुण्यांसाठी. रयतेला ठरावीक दिवशीच आत सोडत. सर्वांना खुली झाली १८८४ला. त्याला राहायला किल्ला होता, बाग नुसती पाहायला परवडत होती. आपली खोली दहा बाय बारा. आणि दादरचं शिवाजी पार्क बघ. ६ डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून चैत्यभूमीवर आलेली माणसं तिथे पथारी टाकतात. तिथे राखलेली हिरवळ असती, तर ती कुठे टेकली असती?

पुतणी : पार्कचं मान्य. आपल्या पटांगणाचं बोला. ते सगळ्यांचं म्हणता. मी मोठी झाल्यावर तिथे कधी उभी राहिले? ‘मुलं खेळतायत, बॉल लागेल, वर ये.’ बाकी सगळं गॅलरीतून पाहिलं. आई खाली उतरते ती गणपतीत. बागेतल्या रखवालदारासारखी शिट्टी न वाजवताही माणसांना बाहेर ठेवता येतं, काका.

काका : हे तू कधी बोलली नाहीस.

पुतणी : कुणी विचारलं नाही. बागेत निदान दांडगाई चालत नाही.

काका : हे मला दिसायला हवं होतं. तरी ऐक. १९८२च्या संपात अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा आपल्या सभा याच पटांगणात झाल्या, धान्य इथेच वाटलं. तुझ्या आजोबांची तिरडी इथेच बांधली. उद्या विसाव्या मजल्यावरचं माणूस गेलं, तर दगडा-पाण्यातून वाट काढत त्याला ठेवायचं कुठे? चाळ भोवती कुठे उभी राहणार?

पुतणी : मयताचं माझ्या मनात आलं नव्हतं. पण त्या चार दिवसांसाठी बाकीचं वर्ष बायकांनी गॅलरीतच काढायचं?

काका : नाही. आणि मयत पार्किंगमधून न्यायचं, हेही नाही. दोन्ही जमेल असा आराखडा मला अजून दिसत नाही. रविवारी हे सगळं तू मांड. वहिनींनाही आण.

पुतणी : आई खाली येऊन पुरुषांसमोर बोलणार नाही.

काका : मग सभा खाली नको. तुमच्या मजल्यावरच्या गॅलरीत घेऊ.