अडथळा कोणाचा, तोतया कोण?



सरकारी कचेरीच्या भिंतीवरची पाटी आपण सगळ्यांनी वाचलीय. सरकारी कामात अडथळा आणाल तर कलम ३५३. भोरला जा, वेल्ह्याला जा, पुण्याला जा. उतारा मागायला गेलेल्या पोरानं आवाज चढवला की साहेब त्या पाटीकडं बोट दाखवतो. कलम इंग्रजाच्या १८६० च्या दंड संहितेतलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. महाराष्ट्र सरकारनं २०१८ साली ती पाच वर्षांवर नेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम १३२ झालं, शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली. आकडे बदलले. दहशत तीच.

तलाठ्याला, कारकुनाला कोणी मारू नये, हे बरोबरच. तिथं माझा वाद नाही. सवाल वेगळाच हाय. सरकारी काम म्हणजे काय? खुर्चीवर बसलेला जे करील ते, का जे करायला त्याला तिथं बसवलंय ते?

जुनं बघा. भोर-वेल्ह्याचा हा मुलूख १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानात. संस्थानात काय अन् शेजारच्या इंग्रजी मुलखात काय, गावचा महार सरकारचंच काम करत होता. वसूल तालुक्याला पोचवायचा त्यानं. शिवेची साक्ष द्यायची त्यानं. साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं त्यानं. रात्र नाही, दिवस नाही. या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. तोवर ह्या माणसाला गावानं झोडपलं, तेव्हा सरकारी कामात अडथळा आला असं कोणाला वाटलं? राबताना तो सरकारचा, मार खाताना महारवाड्याचा.

कोणी म्हणेल, त्याला खुर्ची नव्हती म्हणून. मग खुर्ची मिळालेल्याचं ऐका. १९३६ साली गुजरातेत बोरसद तालुक्यात भंगी म्हणून हिणवलेल्या जातीतला एक शिकलेला तरुण तलाठी नेमला गेला. कचेरीत त्याच्या पाण्याला वेगळं गंजकं भांडं. गावात भाड्यानं घर नाही. एकदा गावच्या कचेरीत तो खुर्चीवर बसला, तर गाव गोळा झालं. पुढारी कोण, तर गावच्या वाचनालयाचा माणूस! गावच्या चाकराकरवी त्याला उठवलं, खुर्ची काढून नेली. तो जमिनीवर बसला तरी तुकडे करायच्या धमक्या. शेवटी रजा टाकून तो मुंबईला आला आणि १९३८ साली दादरच्या सभेत त्यानं हे सांगितलं. बाबासाहेबांनी ती हकीकत लिहून ठेवलीय. सरकारी नोकर, सरकारी कचेरी, सरकारी काम. अडथळा याहून मोठा कुठला? पण कलम काय धावून आलं नाय.

म्हणजे कलम खुर्चीचं रक्षण करतं म्हणणंही खोटं. खुर्चीत कोण बसलंय ते बघून ते जागं होतं.

आता तोतयाचं. आपण सरकारी अधिकारी नाही हे ठाऊक असून तसं सोंग घ्यायचं आणि त्या अधिकाराच्या नावानं काम करायचं, तो गुन्हा. संहितेचं कलम २०४, तीन वर्षांपर्यंत कैद. आता राखीव जागेवर निवडून आलेली आपली बाई डोळ्यांपुढं आणा. घरात ती, आणि खुर्चीत गावपुढारी. शिक्का त्याच्या खिशात, ग्रामसभा त्याच्या तोंडानं. कायद्यानं सरपंच लोकसेवक आहे. मग हा कोण? तोतयाच की!

खोटं नाव घेतलं की सगळं पाप सारखंच, असंही नाही. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. शिकलेल्या अधिकाऱ्याला गावात खोली नाही, म्हणून पारशी नावानं पारशांच्या उतारशाळेत राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली आणि बाहेर काढलं. त्यांनी खोट्या नावानं निवारा घेतला. पुढारी खोट्या नावानं सत्ता घेतो. नीतीच्या तराजूत ही दोन एका पारड्यात बसत नाहीत.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, कायद्याला नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. तो वाचा. १३२ लागायला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. प्रश्न विचारणं म्हणजे हल्ला नव्हे. म्हणून हात खिशात ठेवा, अर्ज हातात ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. गाडीवर 'पोलीस' लिहून, साहेबाचं नाव सांगून फिरू नका. आपली लढाई सोंग फेडायची आहे, घ्यायची नाही. एका गुन्ह्यात पोराची नोकरी जाते, आणि गावाला तेच हवं असतं.

आणि हेही पाठ करा. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं कलम ३(१)(म) आलं, इंग्रजी पुस्तकात 'एम'. दलित-आदिवासी सरपंचाला, सदस्याला त्याचं काम करू न देणं हा गुन्हा. सहा महिने ते पाच वर्षं. त्याच कायद्याचं कलम ४ कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा सांगतं, पण आधी खात्याची चौकशी, शिफारस, मग कोर्ट. आपल्यावर गुन्हा मात्र संध्याकाळपर्यंत दाखल.

कचेरीच्या भिंतीवर एक पाटी आहे. तिच्या शेजारी ३(१)(म) ची पाटी लावा, असा अर्ज प्रत्येक गावातून भोरला आणि वेल्ह्याला गेला पाहिजे. साहेब नाही म्हणाले, तर का नाही ते लेखी मागा.