मीटर खणात, हात पान्यावर

कुणीही बसायचं नाही. आधी या टेबलावर काय ठेवलंय ते नीट बघा. एक बॅटरी, एक अल्टरनेटर आणि एबीएस मॉड्यूलच्या किमतीचा कागद. तिन्ही त्या बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या नावावर. बॅटरी मी रात्रभर चार्जिंगला लावून लोडवर तपासली, ठणठणीत आहे. अल्टरनेटर बाकावर फिरवून बघितला, तोही ठणठणीत. आणि मॉड्यूलला तर काही झालेलंच नाही. असले दिवे लावलेत तुम्ही, आणि गाडीच्या डॅशबोर्डवरचे दिवे मात्र आज सकाळपर्यंत पेटलेलेच होते.

त्या माणसानं पतसंस्थेचं कर्ज काढून तिसऱ्या हातची गाडी घेतली आहे. त्याला वाटलं, शिकलेली पोरं आहेत, बघून करतील. तुम्ही बघितलं नाही, फक्त केलं.

गाडी कुठल्या कंपनीची हे विचारू नका, त्यानं फरक पडत नाही. अशा छोट्या एसयूव्ही आता गल्लोगल्ली आहेत. 2012 साली डस्टर आली, 2013 साली इकोस्पोर्ट, 2015 मध्ये क्रेटा, 2016 मध्ये ब्रेझा. त्या लाटेतल्या गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात उभ्या आहेत. दिसायला उंच, देखण्या. इंजिन अजून चांगलं असतं, कारण तेल बदलायची अक्कल लोकांना असते. पण दहा-बारा वर्षांत वायरींवरचं आवरण कडक होतं, कपलरमधल्या पिना सैल पडतात, रबराला चिरा जातात. त्यात आधीच्या मालकाची हौस असते : जादा हॉर्न, मोठा स्क्रीन, मागचा कॅमेरा, आणि या सगळ्यांच्या जोडण्या पीळ मारून काळ्या टेपखाली झाकलेल्या. अशी गाडी आत आली की पहिला हात कुठे जायला हवा? तुमचा गेला पान्यावर. मीटर खणात होता.

तक्रार काय होती, ते तुमच्याच वहीत लिहिलेलं आहे. सकाळी सेल्फ टकटक करतो, घड्याळ बारावर जातं, मग एबीएस, एअरबॅग, ट्रॅक्शन सगळ्यांचे दिवे एकदम लागतात. तुम्ही बॅटरी बदलली. गाडी चार दिवस चालली. का चालली? बॅटरी बदलताना निगेटिव्ह वायर हलली आणि गंजलेला सांधा तात्पुरता बसला, म्हणून. चार दिवसांनी तो माणूस परत आला. मग तुम्ही अल्टरनेटर उतरवला. मग स्कॅनर लावलात, त्यानं यू अक्षराचे आठ-दहा कोड दाखवले आणि एक एबीएसचा. त्यावरून थेट मॉड्यूलची किंमत काढली!

यू म्हणजे काय, सांगा. पहिल्या सत्रात शिकवलंय. पी इंजिन-गिअरबॉक्सचा, बी बॉडीचा, सी चासीचा, यू मॉड्यूलांच्या आपसातल्या बोलण्याचा. बॉशनं कॅन बस 1986 साली मांडली. त्याच पद्धतीनं गाडीतली मॉड्यूलं दोन पिळलेल्या वायरींवर एकमेकांशी बोलतात. सगळ्यांनी एकदम एकमेकांची तक्रार केली, तर सगळी एकदम मेली का? की सगळ्यांना मिळणारं काहीतरी एकच बिघडलं? व्होल्टेज साधारण नऊच्या खाली गेलं की बरीच मॉड्यूलं गप्प होतात, आणि सावरल्यावर एकमेकांच्या नावानं कोड नोंदवून ठेवतात. स्कॅनरनं खोटं सांगितलेलं नाही. त्यानं लक्षण सांगितलं, तुम्ही त्याला निदान समजलात. एबीएसच्या कोडापुढे 'व्हील स्पीड सेन्सर सर्किट' असं लिहून येतं तेव्हा त्यात वायर येते, कपलर येतो आणि बेअरिंगमधली चुंबकाची रिंगही येते. उलटं बेअरिंग ठोकून बसवलं तरी तोच कोड येतो. तुम्हाला 'सेन्सर' एवढंच वाचता येतं.

आता सांध्याकडे या. बॅटरीच्या ट्रेखाली निगेटिव्ह वायरचा लग बॉडीला जिथे बोल्टनं आवळलेला असतो, तिथे आज सकाळी मी ट्रे काढून बघितलं. पांढरी-हिरवी पूड, खाली गंज, लगाचा अर्धा भाग खाल्लेला. तुमच्यापैकी एकानं छाती पुढे काढून मला सांगितलं, "सर, अर्थ चेक केला, बीप वाजला." बीप तर केसाएवढी एक तार शिल्लक असली तरी वाजेल! मीटर त्या तपासणीला अगदी नावापुरता करंट सोडतो. डिझेल गाडीचा सेल्फ फिरताना 200 अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. सांध्यात ओहमचा शंभरावा भाग एवढाच रोध असला, तरी 200 गुणिले 0.01 म्हणजे दोन व्होल्ट तिथेच खलास. बॅटरी सेल्फ मारताना सव्वादहावर येते, त्यातून दोन गेले की पुढे उरतात सव्वाआठ. सेल्फ टकटक करणार नाही तर काय करणार? आणि ओहमचा शंभरावा भाग तुमच्या मीटरच्या ओहमच्या रेंजवर दिसतच नाही. म्हणून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा असतो, आणि तो करंट वाहत असताना. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, टर्मिनलवर नव्हे, खांबाच्या शिशावर. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. एकजण सेल्फ मारेल. मीटर 0.2 व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. आज सकाळी तो 1.9 दाखवत होता. लग कापला, नवा दाबून बसवला, बॉडीचा रंग खरवडला, आवळून वर ग्रीस लावलं. मीटर 0.08 वर आला. सामानाचा खर्च शे-दीडशे रुपये. तुमचा कागद किती हजारांचा आहे ते पुन्हा एकदा मोठ्यानं वाचा.

अल्टरनेटर का उतरवला, याचं उत्तर तर ऐकण्यासारखं आहे. "सर, आयडलिंगला बारा-आठच दाखवत होता." अरे, ही तुमच्या आजोबांची जीप नाही. यातला अल्टरनेटर इंजिनच्या कॉम्प्युटरच्या हुकमानं चालतो. बॅटरी भरलेली असेल, गाडी निवांत उभी असेल, तर तो मुद्दाम कमी देतो, डिझेल वाचवायला. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असा सगळा भार टाका, इंजिन दोन हजारावर न्या, आणि मग बघा पावणेचौदा ते साडेचौदाच्या मध्ये येतो का. मीटर एसी व्होल्टवर फिरवा. अर्ध्या व्होल्टच्या वर लहर दिसली तर डायोड गेला, आणि तोच डायोड रात्री बॅटरी पीत बसतो. आणि चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून "अल्टरनेटर चेक" करणारा जो कोण हिरो होता, त्यानं हात वर करावा. मला माहीत आहे कोण होता. त्या झटक्याला लाइनमध्ये शंभर व्होल्टच्या आसपास उसळी येऊ शकते. खोट्या कारणानं बदलायला निघालेलं मॉड्यूल तू खऱ्या कारणानं जाळणार होतास.

बॅटरीचंही ऐका. इंजिन आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल, तर तिला ईएफबी किंवा एजीएम लागते. स्वस्त पडते म्हणून साधी बॅटरी घातली की ती लवकर बसते, आणि मालक म्हणतो, या गाडीला बॅटरीच टिकत नाही. निगेटिव्ह टर्मिनलवर जो छोटा सेन्सर असतो, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो. जादा हॉर्नचा अर्थ तुम्ही थेट खांबावर घेतलात की तो करंट सेन्सरला दिसतच नाही. अर्थ बॉडीवर घ्या. जंपर लावतानाही काळी वायर बॉडीवरच.

रात्रीत बॅटरी उतरते ही अशा गाड्यांची दुसरी नेहमीची तक्रार, आणि तिथेही तुम्ही असेच फ्यूज उपटत बसता. गाडी बंद केल्यावर मॉड्यूलं लगेच झोपत नाहीत, वीस मिनिटं, कधी चाळीस लागतात. बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं बंद करून ठेवा, चावी खोलीच्या बाहेर न्या. मीटर दहा अँपिअरच्या खाचेत, निगेटिव्ह वायरच्या मध्ये, आणि त्या अवस्थेत कुणी सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज त्याच्या खिशातून. थांबा. चहा प्या. 50 मिलिअँपिअरच्या खाली आकडा आला तर गाडी निर्दोष. 400 दाखवतोय? मग चोवीस तासांत साडेनऊ अँपिअर-तास गेले. साठची बॅटरी आठवडाभर उभ्या गाडीत संपते, आणि त्याच्या कितीतरी आधी सेल्फ फिरायचा थांबतो. आता चोर शोधायचा तो फ्यूज न काढता. काढलात की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि सगळा हिशेब चुकतो. फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, त्यांच्यावर मिलिव्होल्ट मोजा. ज्याच्यावर आकडा दिसेल त्याच्या मागे करंट वाहतोय. दहापैकी सहा वेळा तो बाहेरून बसवलेला स्क्रीन निघतो, ज्याची लाल आणि पिवळी वायर कुणीतरी एकत्र पिळलेली असते.

पाणी. हा भाग लिहून घ्या, कारण आपल्याकडे निम्म्या गाड्या पावसानं आजारी पडतात. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी बाहेर न्यायला नळ्या असतात. पुढच्या दोन खांबांतून खाली उतरतात. धूळ-पाल्यानं तुंबल्या की पाणी छतातून डॅशबोर्डच्या मागे येतं, आणि फ्यूजबॉक्स व बॉडीचं मॉड्यूल बहुतेक तिथेच असतं. वायपरच्या खालच्या जाळीतही पानं साठतात. वरून कार्पेट कोरडं दिसतं, खालचा फोम पिळला तर पाणी निघतं. तांब्याची वायर पाणी आवरणाच्या आतून दूरवर ओढून नेते, म्हणून ओल एका टोकाला आणि हिरवा पडलेला कपलर दुसऱ्या टोकाला. आणि जुनी गाडी घ्यायला कुणी तुम्हाला बरोबर नेलं, तर आधी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणला पाण्यात बुडालेल्या गाड्या काही सगळ्याच भंगारात गेलेल्या नाहीत. पट्ट्याच्या न धुतलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले दिसतात. तिथे विकणाऱ्याच्या पॉलिशवर भाळू नका.

बाकीचं तुम्हाला पाठ असायला हवं. ब्लोअर फक्त चारवर चालतो : रेझिस्टर. मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा आणि कॅमेरा आलटून पालटून जातात : मागच्या दाराच्या रबरी नळीत तुटलेल्या वायरी. हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणं बंद, वर एअरबॅगचा दिवा : स्टिअरिंगखालची गुंडाळी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग. उंदीर असेल तर तंबाखूच्या पुड्या ठेवा, हरकत नाही, पण कुरतडलेली वायर तंबाखूनं जुळत नाही.

पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही. काल टेस्ट लॅम्प घेऊन तुमच्यातला एकजण तिथपर्यंत पोचला होता. पिवळी वायर म्हणजे एअरबॅग, तिच्या पलीकडे स्फोटक आहे. बॅटरी काढा, काही मिनिटं थांबा, आणि तरीही टेस्ट लॅम्प किंवा ओहममीटर तिथे नेऊ नका. एअरबॅग फुटली तर समोर तुमचं तोंड असतं.

आणि त्या गाडीत हेडलाइटच्या जागी निळ्या पंधराऐवजी हिरवा तीसचा फ्यूज कुणी घातला? आधीच्या मालकानं घातला असेल, मान्य. पण तुम्ही बघितलात आणि झाकण लावलंत. फ्यूज वायरीचं रक्षण करायला असतो. बल्ब 60/55 चे काढून 100/90 चे घातले की एका बल्बचा करंट साडेचार-पावणेपाचवरून साडेसातवर जातो, आणि वायरीतली उष्णता अडीचपटीहून जास्त वाढते. तिथला होल्डर आताच तपकिरी झालाय. गाडीला आग लागली तर पंचनाम्यात "शॉर्टसर्किट" एवढंच लिहितात. कुणी झाकण लावलं ते लिहीत नाहीत.

आता काय करायचं ते ऐका. जुना अल्टरनेटर परत बसेल, जुनी बॅटरी परत बसेल, त्या माणसाचे पैसे आज संध्याकाळपर्यंत परत जातील. फोन तुम्ही करायचा, मी नाही, आणि कारण खरं सांगायचं. हेडलाइटचा फ्यूज पंधराचा, बल्ब मूळ वॅटचे. मग गाडी लॉक करून चाळीस मिनिटं उभी करा, झोपेतला करंट मोजा, आकडा वहीत लिहून खाली प्रत्येकानं सही करा. पन्नासच्या वर एक मिलिअँपिअर जरी आला, तरी आज ना गाडी दाराबाहेर जाईल, ना तुम्ही.